हरिश्चंद्राच्या नावाचा पगार

सगुणेच्या नवऱ्याचा पगार दर महिन्याला तिच्या जावेच्या नावानं येई. मनीऑर्डर दहा रुपयांची असे. पोस्टमन मिऱ्याच्या वाडीत शिरला की ही जाऊ, कमळा, ओटीवर यायची, अंगठा उठवायची, दोन रुपये कनवटीला लावायची आणि आठ सगुणेच्या पदरात टाकायची. ते दोन रुपये म्हणजे दाखल्याचं भाडं.

त्याचं असं झालं होतं. सगुणेचा नवरा गंगाराम मचव्यावर वाढलेला. वारं नुसतं नाकानं ओळखणारा. पण विलायती जहाजावर त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मुंबईत भरती सारंगाच्या हातात. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. तो ज्याला पुढे उभा करील त्याला नोकरी. नवखा गडी त्याला नको असे. त्याला पाहिजे मागच्या सफरींचे चांगले शेरे असलेला सरकारी दाखला, नाहीतर रोख चाळीस रुपये. गंगारामाकडे दोन्ही नव्हतं. दाखला होता त्याच्या चुलतभावाकडे, कमळेच्या नवऱ्याकडे, हरिश्चंद्राकडे. सात सफरींचा, एकही वाकडा शेरा नसलेला. पण आदल्या वर्षी नांगराच्या साखळीखाली हरिश्चंद्राच्या पायाची बोटं चेचली गेली आणि तो घरी बसला. दोघे भाऊ एकाच उंचीचे, एकाच रंगाचे. तेव्हा ९ एप्रिल १९२९ या दिवशी मुंबई बंदरात गंगारामानं हरिश्चंद्र म्हणून अंगठा दिला आणि तो जहाजावर चढला. असं करणारा तो काही पहिला नव्हता. "गोऱ्या सायबाला आपली सगळी तोंडं सारखीच," असं त्या किनाऱ्यावर जो तो म्हणत असे.

पगार बावीस रुपये. त्यातले दहा घरी पाठवायचे, उरलेले सफर संपल्यावर एकदम घ्यायचे. आणि घर म्हणजे कागदावर हरिश्चंद्राचं घर.

सगुणेला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती दिवसभर खाडीकाठी नारळाची भिजलेली सोडणं कुटून काथ्या काढायची, त्याचा दीड आणा मिळायचा. मनीऑर्डरीचे आठ रुपये आणि हा रोजचा दीड आणा यांत ती, आठ वर्षांची मैना आणि तीन वर्षांची काशी, अशा तिघी पोटभर जेवत होत्या. जमा झालेला पगार घेऊन तो परत आला की छपरावर कौलं घालायची, एवढा बेत दोघांनी करून ठेवला होता.

१९३० च्या मार्चात मनीऑर्डर आली. एप्रिलात आली नाही. मे महिन्यात पोस्टमन आला तो पत्र घेऊन. पत्र इंग्रजीत होतं. त्यानं ते आधी मनाशी वाचलं, मग कमळेकडे बघितलं, मग तिच्यामागे ओटीवर जाळं शिवत बसलेल्या हरिश्चंद्राकडे बघितलं आणि तो गोंधळला.

"काय लिवलंय रे?" हरिश्चंद्रानं विचारलं.

"लिवलंय की तुमचा नवरा हरिश्चंद्र ज्या जहाजावर होता, त्या जहाजानं पाच डिसेंबरला विलायतेचं बंदर सोडलं. त्यानंतर ते कुणाला दिसलं नाय. ते बुडालं असं धरून चालावं. कंपनीला दुःख वाटतं."

हरिश्चंद्र हसला. आपणच मेल्याचं पत्र आपणच ऐकतोय याचं त्याला हसू आलं. मग पडवीच्या कोपऱ्यात आठ रुपयांसाठी पदर पुढे करून उभी असलेली सगुणा त्याला दिसली आणि हसू तोंडातच राहिलं.

सगुणेनं कुंकू पुसलं नाही. बुडालं असं धरून चालावं म्हणजे बुडालं असं नव्हे, असं तिनं मनाशी पक्कं केलं. समुद्रानं सहा-सहा महिन्यांनी परत दिलेली माणसं त्या गावाला माहीत होती. कुणी काही बोललं की ती म्हणायची, "बगूया." एवढंच.

पण पोट बघत बसत नाही. पावसाळा लागला, खाडीचं पाणी चढलं, सोडणं कुटायचं काम बंद झालं. तांब्याचा हंडा गेला, कानांतल्या कुड्या गेल्या. नंतर नाचणीची पेज आणि रानातली टाकळ्याची भाजी. श्रावणात काशीला ताप धरला आणि पोर अंथरुणाला खिळली. तेव्हा नाटे गावाहून सगुणेचा भाऊ केरू आला. त्याला मूलबाळ नव्हतं; स्वतःची होडी होती, दोन वेळचं जेवण होतं. जाताना तो उंबऱ्यात थांबला.

"सगुणे, वाईट वाटून घेऊ नको. एक पोर आमाला दे. काशीला दे. ती लहान हाय, विसरंल."

"काय विसरंल?"

"तुला," केरू म्हणाला. तो सरळ माणूस होता, त्याला फिरवून बोलता येत नसे. "आमी तिला आमची म्हणूनच वाढवू. मग मधेच परत मागायची नाय. दिवाळीला येतो, तवर ठरव."

सगुणेनं त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस मामलेदार कचेरीचा शिपाई नोटीस घेऊन आला. मयत खलाशी हरिश्चंद्र याचा शिल्लक पगार मुंबईहून रत्नागिरीच्या कचेरीत आला आहे. त्याची विधवा कमळा हिनं ८ ऑक्टोबर रोजी ओळख पटवणारा माणूस घेऊन हजर व्हावं आणि पैसे घ्यावेत.

त्या संध्याकाळी सगुणा हरिश्चंद्राच्या पडवीत जाऊन बसली. थोरल्या दिरासमोर ती एरवी पदर पुढे ओढून, खांबाआडून बोलायची. त्या दिवशी खांब सोडून बोलली.

"भावोजी, जाऊबाईंना कचेरीत पाठवा. पैसा माझ्या घरातला हाय."

कमळा भात वैरत होती ती तशीच उठून बाहेर आली. "आणि तिथं जाऊन काय सांगू गो? माझा नवरा मेला म्हणून सांगू? हा इथं बसलाय ढेकर देत, आणि मी कुंकू पुसून सरकारात अंगठा देऊ? असं अभद्र माझ्या तोंडातून जायचं नाय. मेले तरी जायचं नाय."

"माझ्या तोंडातून जाईल," सगुणा म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"मी जाते कमळा म्हणून."

"आणि मी?" हरिश्चंद्र भडकला. "तू तिथं अंगठा दिलास की मी कायमचा मेलो. पाय बरा होत आलाय माझा. उद्या सफरीवर जायचं तर दाखला कुठला आणू? भुताला कोण नोकरी देतो?"

"दाखला गेला भावोजी. तो त्यांच्याबरोबर गेला. मुंबईच्या वहीत तुमी मेलायतच. मी अंगठा दिला नाय तर पैसे मरतील, एवढंच."

मग खरं सांगून टाकावं, असंही तिनं म्हणून बघितलं. जहाजावर गेला तो माझा नवरा, त्याचा पगार मला द्या. पण त्यातला धोका हरिश्चंद्रानंच तिला दाखवला. दाखला भाड्यानं दिला म्हणून तो तुरुंगात जाईल. आणि कंपनी म्हणेल, गंगाराम नावाचा माणूस आम्ही ठेवलाच नव्हता, मग त्याचा पगार कसला? उलट आजवर पाठवलेल्या मनीऑर्डरीच परत मागेल. खऱ्यात शंभराच्या वर रुपयांचा खड्डा होता. खोट्यात निदान काहीतरी हाती येत होतं.

शेवटी हरिश्चंद्र कबूल झाला, पण दहा रुपयांवर. "मेल्याचं मोल घेतो म्हणा पाहिजे तर," तो म्हणाला, आणि सगुणेकडे न बघता आत गेला. पोलीस पाटील आप्पा ओळख पटवायला दोन रुपयांवर तयार झाला. वाडीतलं त्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं एवढंच सांगितलं, "तिथं रडू नकोस फार. रडलीस की ते जास्त विचारतात."

८ ऑक्टोबरला सकाळी तिघं निघाली. आप्पा पुढे, मागे दोघी जावा. कमळा कचेरीत शिरणार नव्हती; पण हरिश्चंद्रानं तिला दहा रुपये घ्यायला पाठवलं होतं. रत्नागिरीच्या वाटेवर पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यापाशी सगुणा थांबली. ती ओल्या वाळूत उतरली, ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. कुंकू एका पाण्यात जाईना. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा पदरानं खसखसून पुसलं. मग बांगड्या. दगडावर फोडायचं तिला होईना, म्हणून तिनं हात दाबून एकेक काढली. दोन निघाल्या, दोन पिचल्या आणि मनगटावर रक्त आलं. गळ्यातली पोत सोडून तिनं कमळेच्या हातात दिली.

"घरी गेलीस की घाल परत," कमळा म्हणाली. "नुसतं सोंग हाय हे."

सगुणा कचेरीच्या वाटेला लागली.

कचेरीत अव्वल कारकून सखारामपंत म्हणून वयस्क गृहस्थ होते. कामाला चोख आणि मनानं वाईट नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी बाईला बाकावर बसायला सांगितलं. बाई खालीच बसली.

"नाव?"

"कमळा."

"नवऱ्याचं नाव?"

आप्पा पुढे झाला. "बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाय रावसाहेब. मी सांगतो, हरिश्चं..."

"तुमची साक्ष मागून. जबाब तिचा आहे, तिच्या तोंडून यायला हवा." पंत समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, मला ठाऊक आहे की जड जातं. पण सरकारी काम आहे. सावकाश सांग."

"हरिश्चंद्र," सगुणा म्हणाली.

नाव सहज आलं. गंगारामाचं नाव बारा वर्षांच्या संसारात तिच्या ओठांवर आलं नव्हतं; ते घ्यायला सांगितलं असतं तर जीभ टाळूला चिकटली असती. हे नाव थोरल्या दिराचं होतं, तेही घ्यायचं नसतंच. पण त्याला कुंकवाचा अडसर नव्हता. पंतांचा टाक थांबला. पंचवीस वर्षांत त्यांनी शंभर विधवांचे जबाब घेतले असतील; प्रत्येक बाई या प्रश्नाला अडली होती, कुणी भिंतीकडे तोंड केलं होतं, कुणी पोराच्या तोंडून वदवलं होतं. ही अडली नाही. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. आप्पाच्या मानेवरून घाम ओघळला. मग पंतांची नजर तिच्या मनगटावर गेली, ताज्या रक्ताच्या रेघेवर. टाक पुन्हा चालू लागला.

"मयत झाल्याचं तुला मान्य आहे?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. त्याच्यासाठीच ती आली होती. तरी उत्तराला वेळ लागला, आणि हा वेळ सोंगाचा नव्हता.

"व्हय," ती म्हणाली.

पंतांनी कागद उचलून हिशेब वाचून दाखवला. "आठ महिने, दरमहा बावीस, एकशे शहात्तर. भरतीच्या वेळची उचल बावीस. घरी पाठवलेले आठ महिन्यांचे ऐंशी. जहाजावर घेतलेलं सामान, एक गरम बंडी, साबण, तंबाखू, मिळून नऊ. बाकी पासष्ट."

पासष्ट. सगुणेनं श्वास सोडला. आप्पाचे दोन, दिराचे दहा वजा जाता त्रेपन्न. दिवाळी, शिमगा, आणि काटकसर केली तर पुढचा पावसाळाही. दोन्ही पोरी.

"त्यातून," पंत पुढे वाचत होते, "जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तीन महिन्यांत चुकीनं जास्त दिलेले तीस रुपये वजा. देणं पस्तीस."

"चुकीनं?" तिनं विचारलं.

"तुझा नवरा नऊ डिसेंबरला वारला. पगार त्या दिवशी थांबला. नंतरच्या तीन मनीऑर्डरी त्यांना कळण्याआधी निघाल्या. त्या जास्तीच्या."

"नऊ तारखेला गेले हे कुणी बगितलं?"

"बघणार कोण? जहाजच गेलं. त्या दिवशी त्या समुद्रात मोठं वादळ होतं, म्हणून तो दिवस धरला. कागदावर कुठला तरी दिवस लागतो."

"मग दुसरा कुठला तरी लिवा," सगुणा म्हणाली. "मार्चातला लिवा."

शेजारच्या मेजावरचा कारकून हसला. पंत हसले नाहीत.

"खरं सांगते रावसाहेब. कुणाला ठावं नाय तर मार्चच का नाय? ते फळीवर तरंगत असतील तवर. भुकेले असतील. तेवढे दिवस त्यांनी काय नोकरी सोडली होती? आणि ती बंडी..." ती थांबली, मग म्हणाली, "बंडी त्यांच्या अंगावरच गेली. तिचेही पैसे कापले?"

पंतांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक, बाई. बंडीचं काही होणार नाही. पण या तीस रुपयांचं होऊ शकेल. पस्तीस आज घेऊन जा. त्याखाली मी लिहितो की तीस रुपयांची वजावट मला मान्य नाही, तक्रार आहे. त्याला अंगठा दे. तसं लिहून घ्यायला मी बांधलेला आहे आणि मुंबईला ते बघावंच लागेल. त्यांनी पगार म्हणून पाठवले, तू पगार म्हणून खाल्लेस. तुझा दोष काय? मला विचारशील तर ते पैसे तुला मिळतील."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेला माणूस तिच्या बाजूनं बोलत होता. सगुणेचं तोंड उघडलं.

"मग लिवा," असं ती म्हणणार होती. पण आधी तिनं विचारलं, "मग काय करतील ते?"

"चौकशी करतील. फार नाही. भरतीच्या वेळचा अंगठा जुन्या सफरींच्या अंगठ्याशी ताडून बघतील, मिऱ्याला माणूस येईल, शेजारीपाजारी विचारतील. हरिश्चंद्राचं घर कुठलं, घरात कोण कोण. महिना-दोन महिन्यांचं काम."

आप्पा खोकला. खोकतच राहिला.

हरिश्चंद्राचं घर, घरात कोण कोण. ओटीवर जाळं शिवत बसलेला हरिश्चंद्र तिच्या डोळ्यांपुढे आला. आणि घरातून बाहेर येणारी कमळा, बोटाएवढं कुंकू लावलेली.

"नको," सगुणा म्हणाली.

"अगं, का नको? हा तुझा हक्क आहे. मी दयेनं सांगत नाही."

"नको रावसाहेब. कापा."

"तीस रुपये आहेत!"

"कापा म्हटलं ना."

पंतांनी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यांना राग आला होता, आणि तो खरा होता. "तुम्हा लोकांचं हेच. हक्काचं ताट पुढे सरकवलं तरी हात मागे घेता, आणि मग सरकार लुबाडतं म्हणून वाडीभर सांगता." सगुणेनं ते ऐकून घेतलं. शाईत बुडवलेला अंगठा त्यांनीच धरून जागेवर टेकवला. 'यापुढे माझं काही येणं राहिलं नाही' असं त्यावर लिहिलं होतं. तेही त्यांनी वाचून दाखवलं. नियमच होता तसा.

बाहेर पिंपळाच्या पारावर कमळा बसली होती. आप्पानं आपले दोन रुपये घेतले आणि गूळ घ्यायच्या निमित्तानं तो बाजाराकडे गेला. सगुणेनं दहा रुपये मोजून जावेच्या हातात ठेवले आणि बाकी पासष्ट निघाली पण हाती पस्तीस आले, एवढं सांगितलं.

"पस्तीसच?" कमळा म्हणाली. "पासष्ट यायचे होते ना?"

"तीन महिने जास्त दिले म्हणाले."

 त्या तीन महिन्यांतलेही दर महिन्याचे दोन रुपये कमळेनं कनवटीला लावले होते. ते सगुणा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, कमळेला तोंड तरी उघडता आलं असतं. मग तिनं कमरेला खोचलेली सगुणेची पोत काढून पुढे केली.

"घाल गो. वाटेत कुणी बगंल."

"बगू दे."

"सोंग संपलं ना आता?"

"पगार घेतला मी त्यांचा," सगुणा म्हणाली. "काय येणं राहिलं नाय म्हणून अंगठा दिला. मग आता कुणाच्या नावानं घालू?"

ती रडेल असं कमळेला वाटलं. पण ती शाईनं काळा झालेला अंगठा लुगड्याला पुसत बसली होती. तो पुसला जात नव्हता.

कमळेनं दहातले पाच रुपये वेगळे केले. "हे काशीला ठेव. ह्यांना मी सांगते काहीतरी. तापातून उठलीय पोर, तिला दूध लाव."

"काशी नाट्याला मामाकडे जाणार."

"अगो बाई! कधी ठरवलंस हे?"

"आतच," सगुणा म्हणाली. "ते म्हणाले ना, तीस वजा. तेव्हा."

कमळेचा हात पुढे तसाच राहिला. सगुणेनं त्यातले पाच रुपये उचलले, बाकीच्यांबरोबर पदराच्या गाठीत बांधले आणि ती उठली. भरती लागायच्या आत पांढऱ्या समुद्राची वाळू ओलांडायची होती, आणि घरी दोघी पोरी सकाळपासून उपाशी होत्या.